अर्धी मुहूर्तमेढ

हृदयाचं काम करून घ्यायला आलेल्या माणसाचे आधी दात काढतात, हे बंगालातल्या काटोयात कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी भवतोष पत्रनवीशांनाच वेड्यात काढलं असतं. पण वेल्लोरच्या इस्पितळात तशीच रीत होती. झडप बदलायची तर तोंडात किडका दात चालत नाही. त्यातली घाण रक्तातून थेट नव्या झडपेवर जाऊन बसते. भवतोषबाबूंचे बारा दात गेले, त्यांत पुढचे सगळे. हिरड्या भरून येईपर्यंत शस्त्रक्रिया लांबली आणि दुर्गापूजा त्यांना लॉजच्या खोलीतच काढावी लागली. ज्या माणसानं चाळीस वर्षं काटोयातल्या निम्म्या पूजांचे मांडव घातले, त्यानं या वर्षी अष्टमीची पुष्पांजली टीव्हीसमोर वाहिली, आणि तीही बोळक्या तोंडानं.

मुळात दोन वर्षं हा आजार म्हणजे गॅस होता. जिना चढताना धाप लागली, गॅस. बांबूच्या गाडीमागे चार पावलं चालून डोळ्यांपुढे अंधारी आली, तोही रिकाम्या पोटी चहा घेतल्यानं झालेला गॅस. काटोयात माणसाला हृदय नसतंच. छातीत जे काही दुखतं ते पोटातून वर आलेलं असतं. त्यावरचं हिरव्या बाटलीतलं औषध भवतोषबाबू इतकं प्याले, की औषधवाल्यानं त्यांना नववर्षाला मिठाईचा पुडा पाठवला. त्यांना त्याचा अभिमानही वाटला होता.

काल डॉक्टर जेबराजांनी टेबलावर दोन नमुने ठेवले. एक धातूची झडप, काळ्या पाकळ्या टकटक उघडझाप करणारी. दुसरी पांढुरकी, मऊ, शिवलेली.

"ही धातूची जन्मभर टिकते," डॉक्टर बेताच्या हिंदीत म्हणाले. "पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, मरेपर्यंत. रक्ताची तपासणी सतत. पालेभाजी मोजून-मापून, रोज सारखी. आज ढीग आणि उद्या शून्य, असं चालणार नाही. शांत खोलीत तिची टिकटिकही ऐकू येते. ही दुसरी जनावराच्या ऊतींची. गोळ्यांची कटकट थोडे महिने. मात्र बारा-पंधरा वर्षांत ती झिजणार. मग पुन्हा यायचं."

"जनावर कुठलं?" भवतोषबाबूंच्या बायकोनं, पारुलनं विचारलं.

"गाय नाहीतर डुक्कर. दोन्ही चांगल्या."

पारुलनं पुढचा प्रश्न गिळला.

"यांचं वय एकसष्ट. अगदी काठावरचं," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही चालतील, म्हणून तुम्हीच ठरवा. परवा सकाळी दाखल व्हायला याल तेव्हा सांगा."

भवतोषबाबूंनी पांढरी झडप उचलून दोन बोटांत दाबून पाहिली, बांबूचा जोड दाबावा तशी. "शिलाई जरा कच्ची वाटते," ते म्हणाले. डॉक्टरांनी झडप काढून घेतली.

दाराबाहेर येताच त्यांनी निकाल दिला. "धातूची. एकदाच काम, पण पक्कं काम."

पारुल त्यांच्याकडे बघतच राहिली. हाच माणूस चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता, की पक्कं बांधकाम हा माणसाचा माज आहे. देवसुद्धा पाच दिवसांपुरते येतात, त्यांना बांबू आणि कापड पुरतं. सख्खा भाऊ परितोषनं वाटणीच्या जागेवर सिमेंटचं मंगल कार्यालय बांधलं, तेव्हापासून हाच माणूस सहा वर्षं त्याच्याशी बोलला नव्हता. वाटणीच्या दिवशी वडिलांची मुहूर्तमेढसुद्धा दोघांनी करवतीनं मधोमध कापून घेतली होती. घरचा प्रत्येक मांडव त्या एका बांबूपासून सुरू व्हायचा. पहिल्यांदा तो रोवायचा, त्याला शेंदूर लावायचा. आणि वडिलांचा एक नियम होता: जो मेढीला हात लावेल, त्यानं मांडव उतरवायला आलंच पाहिजे. घालायला सगळा गाव येतो, ते म्हणायचे, उतरवायला कुणी नसतं.

आज भूतचतुर्दशी. उद्या कालीपूजा. आज चौदा प्रकारच्या पालेभाज्या खायच्या आणि संध्याकाळी चौदा दिवे लावायचे, म्हणजे चौदा पिढ्यांचे पितर घराची राखण करतात. आता पितरांनी काटोयाचं घर सोडून वेल्लोरच्या लॉजमधली तिसऱ्या मजल्यावरची खोली कशी शोधायची, हा प्रश्न ननीपिशीला पडला नव्हता. भवतोषबाबूंच्या वडिलांची ही धाकटी बहीण ब्याऐंशी वर्षांची, विधवा, पांढऱ्या साडीतली. "दोन दिवस सोबतीला येते" म्हणून आली आणि महिनाभर राहिली. खोलीत भाड्याच्या दोन शेगड्या होत्या. एक मासळीची आणि एक पिशीची. दोन्हींत वितभर अंतर होतं आणि त्या वितीवरून रोज एक युद्ध व्हायचं.

पिशी नातीला, म्हणजे भवतोषबाबूंच्या मिठूला घेऊन सकाळीच बाजारात गेली होती. आता सगळ्या जुड्या चटईवर पसरून बसली होती.

"शेवगा, हादगा, माठ, लाल माठ, पालक, मेथी, आंबट चुका," मिठू मोजत होती. बेंगळुरूहून सुट्टी टाकून आलेली ही मुलगी लग्नाच्या याद्यांपासून बापाच्या रिपोर्टांपर्यंत सगळं अशीच मोजायची. "घोळ धरून आठ. आणि या पानाचं नाव त्या बाईला ठाऊक होतं, मला नाही. नऊ."

"कोथिंबीर दहा," पिशी म्हणाली.

"कोथिंबीर शाक नाही, ठाकुमा. ती वरून घालतात."

"कढीपत्ता अकरा."

"तो फोडणीत जातो!"

"पानं आहेत ना? हिरवी आहेत ना? मग शाकच. पितर काय तपासनीस आहेत?"

पारुल माठ निवडत होती. "आणि ठरलं का तुमचं?" तिनं वर न बघताच विचारलं. "उद्या सांगायचंय."

"ठरलंय. धातू," भवतोषबाबू खाटेवरून म्हणाले. दात गेल्यापासून त्यांच्या प्रत्येक वाक्यातून थोडी हवा निसटायची. एके काळी मिरवणुकीच्या माइकवर "भाविकांना विनंती" असं म्हणून चौक गप्प करणारा हा आवाज. आता त्यानं चहा मागितला तरी फुगा सुटल्यासारखं वाटायचं.

"मलाही धातूच बरी वाटते," मिठू म्हणाली. "बाबांची छाती दोनदा का उघडायची?"

"लोखंड असलं की भुतं जवळ येत नाहीत," पिशीनं मत नोंदवलं.

"लोखंड नाही हो ते," पारुल म्हणाली. "आणि रक्त पातळ केलेला माणूस शिडीवर चढणार. हा काय घरी बसणारा आहे? एकदा पडला की झालं. त्यात घरात रात्रंदिवस टिकटिक."

"माझ्या घोरण्यात तुला ती ऐकू येणार आहे का?"

"घोरणं थांबलं की कळतं मला. तेव्हा ऐकू येईल." पारुलनं माठाचं देठ जरा जोरातच मोडलं.

"पालेभाज्याही बंद होतील," ती पुढे म्हणाली, पिशीकडे बघत.

"बंद नाही, मा. सारख्या प्रमाणात," मिठू म्हणाली. "चौदा भाज्यांचा ढीग एकाच दिवशी नाही खायचा."

पिशीचे हात थांबले. "म्हणजे चतुर्दशीला काय खायचं यानं?"

"ढीग नाही."

"मग कसली मेली ती झडप!" पिशीनं क्षणात बाजू बदलली आणि पुतण्याला घरच्या नावानं हाक मारली. "भोला, दुसरी घे."

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. मांडववाल्याला वासे फिरलेले नवीन नव्हते, पण इतक्या झटकन फिरलेले त्यांनी प्रथमच पाहिले. तीन विरुद्ध एकचे दोन विरुद्ध दोन झाले होते.

तेवढ्यात दार वाजलं. लॉजचा सेल्वम वीस वर्षं बंगाली रोग्यांमध्ये राहून अस्सल बंगाली बोलायचा, फक्त सगळी वाक्यं भांडणाच्या सुरात. "दादा! तुमचा भाऊ आलाय! तोंड हुबेहूब तुमचं, फक्त दात आहेत!"

परितोष दारात उभा होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चारेक फूट लांब काहीतरी. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण घरात त्याचं नाव अजून बापीच.

पारुल माठाकडे बघत होती, वाजवीपेक्षा जास्त लक्ष देऊन.

"कुणी बोलावलं?" भवतोषबाबूंनी विचारलं.

"रक्त द्यायचंय ना नातेवाइकांनी? देऊन आलो सकाळीच." त्यानं दंडावरची पट्टी दाखवली. "आणि काळजी करू नकोस. ते दुसऱ्याच कुणाला तरी चढवतात. माझं रक्त तुझ्या अंगात यायला नको."

"ती भीती नव्हती. तुझ्या रक्तात सिमेंट निघालं तर यंत्र अडकेल, एवढंच वाटलं."

"बस बापी," पिशी म्हणाली. "चप्पल बाहेर काढ. आणि तुझ्या अंगाला मासळीचा वास येतोय."

"गाडीत दोन दिवस फक्त दही-भात मिळाला, पिशी."

"मग तो वास गाडीचा असेल. हात धू."

आपलेच दात, आपलेच ओठ, अशी म्हण आहे. भवतोषबाबूंकडे आता फक्त ओठ उरले होते. ते त्यांनी घट्ट मिटून घेतले आणि डोळे मिटून झोपेचं सोंग केलं. सोंग इतकं उत्तम वठलं की त्यांना खरंच झोप लागली.

जाग आली ती शाकाच्या वासानं. आणि समोर दिसलं ते असं: कपाटाच्या माथ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत एक बांबू आडवा टाकला होता आणि त्यावर त्यांची निळी चौकड्यांची लुंगी वाळत होती. गेला महिनाभर कपडे वाळत घालायला खोलीत दांडी नाही म्हणून पारुल कुरकुरत होती. आता दांडी आली होती. तिचं एक टोक करवतीनं कापलेलं होतं, जरा तिरपं. तो तिरपेपणा भवतोषबाबूंना चांगला आठवत होता. कापताना त्यांचाच हात हलला होता. लुंगीच्या काठाखालून शेंदराचे जुने काळपट थर दिसत होते.

"ही मेढ आहे," ते उठून बसत म्हणाले.

"हो," परितोष म्हणाला.

"बाबांच्या मेढीवर माझी लुंगी?"

"बौदीनं दांडी मागवली," त्यानं वहिनीकडे बोट दाखवलं. "घरात दुसरा सरळ बांबू नव्हता."

तीन पिढ्या मांडव घालणाऱ्यांच्या घरात दुसरा बांबू नव्हता, हे ज्याला पटेल त्यानं हृदयाचा सोडून डोक्याचा डॉक्टर गाठावा. पण भवतोषबाबूंना त्याहून मोठी गोष्ट कळली.

"म्हणजे तू याच्याशी बोलतेस," ते पारुलला म्हणाले.

"जेवायला बसा," पारुल म्हणाली.

सगळे चटईवर बसले. भवतोषबाबूंसाठी शाक वेगळं काढून लगदा केलेलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर रोहूचं डोकं चावून चोखून खाल्लं, त्याच्यापुढे हिरवा चिखल. त्यांनी तो निमूटपणे गिळला. महिन्याभरात एवढं तरी ते शिकले होते.

"दादा, झडप कुठली ठरली?" परितोषनं विचारलं.

"धातू. तुला आनंद झाला असेल. पक्कं बांधकाम."

"नको घेऊस."

मिठूनं मान वर केली. भवतोषबाबूंचा घास थांबला. ज्याच्याशी सहा वर्षं पक्क्यावरून भांडलो, त्यानंच आता कच्च्याची बाजू घ्यावी, हे त्यांना जवळजवळ अपमानासारखं वाटलं. विरोधकानं आपल्या जागेवर टिकून राहावं एवढी तरी माणसाची अपेक्षा असते.

"माझ्या कार्यालयाच्या छताला भेग गेलीय," परितोष भात कालवत म्हणाला. "पावसात तीन लग्नं लागली, तिन्ही ताडपत्रीखाली. पक्क्याचं एक असतं दादा, बिघडलं की कुठून बिघडलं तेच कळत नाही. मांडव कसा, सुटला की दिसतो. बांधता येतो पुन्हा."

"ताडपत्री कुणाची?"

परितोष आणि पारुल दोघांनीही एकाच वेळी पाण्याचा पेला उचलला.

"आपल्या गोदामातली," शेवटी पारुल म्हणाली. "पण फुकट नाही दिली. दुप्पट भाडं घेतलं."

"बौदी, तिप्पट," परितोष दुखावल्या सुरात म्हणाला.

मिठू खो-खो हसली. भवतोषबाबूंनाही हसू येत होतं, पण मोठ्या भावाच्या हुद्द्याला ते शोभलं नसतं, शिवाय तोंड उघडावं लागलं असतं.

"मग तू त्या जनावरवालीच्या बाजूनं?" मिठूनं काकाला विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

पिशीनं मान वळवली. "कुठलं जनावर?"

पिशीनं हे विचारलं तर काय सांगायचं, हाच प्रश्न पारुल कालपासून गिळून बसली होती. पिशी म्हणजे अशी बाई, की मासळीच्या शेगडीवरचा चमचा तिच्या शेगडीवर पडला तर दोन दिवस उपास करायची.

"पिशी," परितोष हळू आवाजात म्हणाला, "गाय नाहीतर डुक्कर. त्याच्या ऊतींची करतात."

पिशी बराच वेळ चावत राहिली. तिचे दात या वयातही शाबूत होते, हा घरात एक स्वतंत्र अभिमानाचा विषय होता.

"गाय नको," ती म्हणाली. "गाय आई. आईचं अंग कापून कसली झडप? डुक्कर घे."

"डुक्कर?" पारुलच्या हातातला डाव तसाच राहिला.

"वराह म्हण. विष्णूनं अवतार घेतला तो वराहाचा, गायीचा नाही. पाण्यात बुडालेली पृथ्वी दातांवर तोलून वर काढली त्यानं." पिशीनं पुतण्याच्या बोळक्या तोंडाकडे पाहिलं. "तुला दात नाहीत तर नाहीत. त्याला तरी आहेत. तुझं एवढंसं काळीज नाही उचलणार तो?"

शास्त्राचा एवढा सरळ निकाल वेल्लोरात कुणी दिला नसेल.

"मग ठरलं," परितोष म्हणाला.

"काही ठरलं नाही," भवतोषबाबू म्हणाले. "धातूच."

"पण का, दादा?"

"एकदाच काम."

"हे कारण नाही. तू आयुष्यात काही एकदाच केलेलं नाहीस. दरवर्षी बांधलंस, दरवर्षी उतरवलंस."

"म्हणूनच!" भवतोषबाबूंचा आवाज चढला आणि दातांच्या खिंडीतून शीळ घालत बाहेर पडला. स्वतःलाच तो हास्यास्पद वाटला. पण आता सुटलाच होता. "ती पंधरा वर्षांनी झिजणार. मग पुन्हा इथं यायचं. मी तेव्हा शहात्तरचा. आणणार कोण मला? पारुलचे गुडघे आत्ताच बोलतात. मिठू तोवर कुठल्या देशात असेल देव जाणे. पिशी सत्त्याण्णवची."

"मी असेन," पिशी म्हणाली.

"त्यापेक्षा धातू घालावी आणि कुणाच्या दारात उभं राहायला नको. टिकटिक तर टिकटिक. भाजी नाही तर नाही. माझा मांडव उतरवायला कुणी येईल, या भरवशावर मी झडप बसवून घेणार नाही."

बोलून झाल्यावर त्यांना जाणवलं, की महिनाभर आरशासमोर तयार केलेलं निरोपाचं भाषण याहून कितीतरी भारदस्त होतं. त्यात क्षमा होती, कर्तव्य होतं, एक शेरही होता. आणि प्रत्यक्षात तोंडातून निघाली ती ही रडगाणी, तीही शिट्टीसकट, ओठाला शाक लागलेलं असताना.

पारुलनं पदरानं त्यांचा ओठ पुसला.

"मी आणीन," परितोष म्हणाला.

"तू बहात्तरचा असशील."

"मग चाकांच्या दोन खुर्च्या भाड्यानं घेऊ. मिठू दोन्ही ढकलेल."

"मी का?" मिठू म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते.

"शब्द देऊ नकोस, बापी," भवतोषबाबू म्हणाले. "छत शंभर वर्षं टिकेल असाही शब्द दिला होतास."

"म्हणूनच देत नाहीये."

परितोष उठला. उष्टा उजवा हात त्यानं पाठीमागे धरला, खिडकीपाशी गेला आणि डाव्या हातानं त्या आडव्या बांबूला धरलं, शेंदराच्या थरांवर. मग तसाच उभा राहिला.

खोलीत सगळ्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता. मिठूलासुद्धा; ती लहान असताना आजोबांनी तिचा हात मेढीवरून झटकला होता, "उतरवायला येणार नाहीस तर लावू नकोस" म्हणून.

"हात लावलास," पिशी म्हणाली. "आता यावं लागेल."

"ठाऊक आहे, पिशी."

"डाव्या हातानं लावतात का रे?"

"उजवा उष्टा आहे."

"चालेल," पिशी जराशा विचारानंतर म्हणाली. "अर्धीच मेढ आहे, अर्ध्या विधीत भागेल. भोला, तूही ऊठ. एकट्याच्या हातानं मांडव उभा राहत नाही."

भवतोषबाबू बसूनच राहिले. हात लावायचा म्हणजे आपणही त्या दिवशी हजर राहायचं. पंधरा वर्षांनंतरच्या कामाची सुपारी आज घ्यायची, आणि परवा छाती उघडणार. कंत्राटदार म्हणून त्यांनी इतकं बेभरवशाचं काम कधीच घेतलं नव्हतं. गिऱ्हाईक स्वतःच असेल तर कुणाकडे तक्रार करणार?

ते उठले. चार पावलांत धाप लागली. तो गॅस नव्हता, हे आता मान्य करायला हरकत नव्हती. दांडीवर हात ठेवायला रिकामी जागा उरली होती ती लुंगीच्या पलीकडे, उंचावर. तिथवर त्यांचा हात पोचेना. म्हणून त्यांनी लुंगीवरूनच मेढ धरली. लुंगी ओलीच होती. गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"उद्या डॉक्टरांना काय सांगू?" मिठूनं विचारलं.

"वराह," भवतोषबाबू म्हणाले. "पण तू हिंदीत डुक्कर सांग. नाहीतर त्यांना वाटेल डोकंही तपासायला हवं."

बांबू कपाटावरून जरा सरकला. पारुल पुढे झाली आणि तिनं दुसरं टोक दोन्ही हातांनी पकडलं.

"नीट धरा दोघांनी," ती म्हणाली. "पडली तर मलाच पुन्हा धुवावी लागेल."